सातारा ते कोल्हापूर : हा रस्ता उभा केला तर



गेल्या फेब्रुवारीत थोरल्या मुलीला घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. काम म्हणाल तर काहीच नव्हते. लग्नकार्य नाही, कोर्टाची तारीख नाही, दवाखानाही नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एक रडार आहे, ते पाहायचे होते. रडार म्हणजे काय, असे आमच्या आक्काने विचारले, तेव्हा मुलीने सांगितले, "आत्या, उंच खांब असतात, त्यांना तारा बांधलेल्या असतात." आक्का म्हणाली, "मग कोल्हापूरला कशाला जाताय? आपल्या गल्लीतल्या खांबाला काय कमी तारा आहेत?"

घरात हशा पिकला. पण त्या हसण्यामागे एक प्रश्न होता आणि तो महिनाभर घरात फिरत होता. थोरली साताऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला कोल्हापूरला राहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचे होते. माझे म्हणणे, बँकेच्या परीक्षा द्याव्यात. पाठोपाठची दोन भावंडे आहेत, क्लार्कचा पगार आहे. आकाशातल्या वाऱ्याचा अभ्यास करून पोट भरते का, असे मी तिला तोंडावर विचारले होते. ती म्हणाली, "पप्पा, एकदा येऊन बघा तरी." म्हणून हा प्रवास.

रस्त्याची मोजपट्टी

साताऱ्याच्या स्टँडवर सकाळची एस.टी. धरली. महिलांना अर्धे तिकीट असल्याने तिचे तिकीट निम्म्यात आले. डब्यात भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. गाडी सुटल्यावर पोरीने एक खेळ काढला. म्हणाली, "पप्पा, हा रस्ता आडवा आहे असं समजू नका. तो सरळ वर आकाशात उभा केलाय असं समजा. सातारा म्हणजे जमीन. एक किलोमीटर रस्ता म्हणजे एक किलोमीटर उंची. आता बघा काय काय लागतं ते."

पंधरा मिनिटांत शेंद्रे आले. साखर कारखान्याची चिमणी दिसली. पोरगी म्हणाली, "एव्हरेस्ट संपलं." जगातला सर्वांत उंच डोंगर पावणेनऊ किलोमीटरचा, म्हणजे साताऱ्याहून शेंद्र्याएवढाच! विमाने त्याच्या थोडी पुढे, दहा-बारा किलोमीटरवर. नागठाण्याजवळ आलो तेव्हा ढग संपले. वळवाच्या मोठ्यात मोठ्या ढगाचे डोकेही साधारण सोळा-सतरा किलोमीटरवर थांबते. आपला पाऊस, गारा, विजा, सगळे सातारा ते नागठाणे एवढ्यातच.

इथे एक खुलासा करतो, कारण आपल्या जिल्ह्यातही रडार आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर ढगांचा अभ्यास करणारी रडारे बसवली आणि महाबळेश्वरला २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा काढली. ती कामे मोलाची आहेत, पण त्यांचा मुलूख नागठाण्यापर्यंतचा. आम्ही निघालो होतो ते रडार त्याच्या कितीतरी पुढचे पाहते.

नागठाण्याच्या पुढे ओझोनचा थर लागतो. उन्हातले घातक किरण अडवणारा थर तो हाच. उंब्रजला पस्तीसएक किलोमीटर झाले. हवामान खात्याचे फुगे इथवर येता येता फुटतात. सहापदरी रस्त्याच्या कामामुळे गाडी जागोजाग सेवारस्त्याला उतरत होती, त्यामुळे आमचे आकाशही जरा खडबडीत होते! कऱ्हाडच्या स्टँडवर चहा घेतला. तिथे साधारण पन्नास किलोमीटर भरले. पोरगी म्हणाली, "पप्पा, सगळ्या हवेचे हजार भाग केले तर नऊशे नव्याण्णव भाग कऱ्हाडच्या अलीकडेच संपले. आता उरलेल्या एका भागात आपण चाललोय."

मी म्हटले, "मग पुढे आहे काय?"

"तेच तर बघायला चाललोय."

ना फुग्याचे, ना उपग्रहाचे

कऱ्हाड सोडले की थोड्या वेळाने सांगली जिल्हा लागतो. कासेगाव, पेठ नाका, कामेरी. पेठ नाक्याला सुमारे ऐंशी किलोमीटर होतात. तिथून वारणेच्या पुलाकडे, किणीच्या टोलनाक्याकडे जावे, तसे शंभर जवळ येतात. आपल्या मोजपट्टीवरचा सगळ्यांत नवलाचा पट्टा हा. हवा जमिनीजवळच्यापेक्षा लाखो पटींनी विरळ. थंडी इतकी की पारा शून्याच्या खाली ऐंशी-नव्वद अंशांवर. रात्री जे तारे तुटताना आपण पाहतो, ते तारे नसून खडे असतात आणि ते साधारण याच पट्ट्यात जळून जातात.

आणि अडचण अशी की इथे कोणाला थांबता येत नाही. फुगा उंब्रजला फुटलेला. उपग्रह निपाणीच्या अलीकडे आला तर हवेच्या घर्षणाने फार काळ टिकत नाही. माणसे राहतात ते अंतराळ स्थानक तर चारशे किलोमीटरवर, म्हणजे याच रस्त्याने हुबळीच्याही पुढे. मधला हा पट्टा फुग्याला फार उंच आणि उपग्रहाला फार खाली. अग्निबाण जातो, पण काही मिनिटांत ओलांडून जातो. त्यामुळे शास्त्रज्ञांनीच या पट्ट्याला गमतीने 'दुर्लक्षित थर' असे नाव ठेवले. ज्याच्याकडे वरच्याचेही लक्ष नाही आणि खालच्याचेही नाही, त्याची अवस्था आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको!

मग तिथे काय चालले आहे हे कळायचे कसे? त्याचे उत्तर सांगलीच्या रेडिओत आहे.

सांगली केंद्र आणि रात्रीचा रेडिओ

माझे बालपण वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी गेले. वडील कारखान्यावर हंगामी कामगार. घरात चामडी कव्हरचा एक रेडिओ होता आणि त्याचा काटा आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर, म्हणजे १२५१ किलोहर्ट्झवर, कायम अडकलेला असे. हे केंद्र १९६३ साली सुरू झाले. शेतीचे कार्यक्रम, बातम्या, भावगीते आम्ही त्याच्यावरच ऐकली. दिवसा सांगली स्वच्छ लागे. रात्र झाली की मात्र काट्याच्या अलीकडे-पलीकडे भलभलती स्टेशने घुसत. हिंदी, उर्दू, कानडी आणि कोणाला न कळणाऱ्या भाषा. आजी म्हणायची, "रातचं रेडिओला पाय फुटत्यात."

आजीचे निरीक्षण बरोबर होते. दिवसा सूर्याच्या किरणांमुळे साठ ते नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यातल्या हवेत विजेचे कण तयार होतात आणि मध्यम लहरी त्यात जिरून जातात. रात्री तो थर विरतो. मग लहरी आणखी वर जातात, वरच्या थरावर आपटतात आणि शेकडो मैल लांब खाली येतात. म्हणजे माझ्या आजीचा रेडिओ रोज रात्री या दुर्लक्षित थराची खबर देत होता. आम्हाला ती वाचता येत नव्हती, एवढेच.

ज्यांना ती वाचता आली त्यांची नावे सांगतो. इंग्लंडमध्ये ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री ॲपलटन आणि बार्नेट या दोघांनी बीबीसीच्या बोर्नमथ इथल्या प्रक्षेपकावरून लहरी सोडवल्या आणि त्या ऑक्सफर्डला टिपल्या. त्या वरून आपटून आल्याचे सिद्ध झाले आणि उंची भरली नव्वद किलोमीटरच्या आसपास, आपल्या मोजपट्टीवर वारणेच्या पुलाजवळ. ॲपलटन यांना याच कामासाठी १९४७ चे नोबेल मिळाले. त्याच साली कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर अभ्यासला गेला.

आडनाव तेच, पण माणूस दुसरा, असे एक एस. एन. मित्रा होते. त्यांनी १९४९ साली रेडिओच्या साहाय्याने त्या थरातला वारा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्या रीतीवर आज कोल्हापूरचे रडार चालते, तिच्या मुळाशी एका भारतीयाचे हे काम आहे.

रीत समजायला सोपी आहे. उन्हाळ्यात शेतावरून ढगाची सावली सरकते. शेताच्या तीन कोपऱ्यांवर तीन माणसे घड्याळ घेऊन उभी करा. सावली प्रत्येकापाशी कधी पोहोचली एवढेच त्यांनी लिहायचे. तिघांचे कागद जुळवले की सावली कोणत्या दिशेने आणि किती वेगाने गेली ते कळते. ढगाला हात लावावा लागत नाही. रडारही हेच करते. लहर सरळ वर सोडायची. वरच्या विरळ हवेतल्या विजेच्या कणांवरून तिचा अगदी थोडा अंश परत येतो. तो त्रिकोणात ठेवलेल्या तीन ॲन्टेनांवर टिपायचा. वर वारा वाहत असेल तर परत आलेल्या लहरींची नक्षी जमिनीवर सरकते. तीन नोंदींमधला वेळेचा फरक म्हणजे वारा. आणि लहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची. नव्वद किलोमीटर जाऊन यायला लहरीला एका सेकंदाचा हजारावा भागही पुरा लागत नाही.

कुंपणापाशी

वारणा ओलांडली, कोल्हापूर जिल्हा लागला. दुपारी विद्यापीठात पोहोचलो. आवार साडेआठशे एकरांचे आहे. हे विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले, ते कोल्हापूर, सांगली आणि सातारा या आपल्या भागासाठी. साताऱ्याच्या कॉलेजातून मी बी.कॉम. झालो, त्या पदवीवर शिक्का याच विद्यापीठाचा आहे. पण सांगायला लाज वाटते, पदवीनंतर इतक्या वर्षांत मी त्या आवारात कधी पाय ठेवला नव्हता.

रडार भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आहे. या संस्थेने असे पहिले रडार १९९२ साली तमिळनाडूत तिरुनेलवेलीला सुरू केले. दुसरे १९९९ साली कोल्हापूरला. दोन्ही १.९८ मेगाहर्ट्झवर चालतात. रेडिओच्या भाषेत सांगायचे तर मध्यम लहरींची पट्टी जिथे संपते, त्याच्या जरा पलीकडे. आपल्या सांगली केंद्राचा शेजारीच म्हणा! तिरुनेलवेली देशाच्या दक्षिण टोकाजवळ, पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापाशी. कोल्हापूर त्याच्या बरेच उत्तरेला. एकच वारा, एकच लाट दोन ठिकाणी कशी दिसते हे ताडून पाहता यावे, हा दोन ठिकाणांचा फायदा.

आत जाण्याची परवानगी आम्ही काढली नव्हती, म्हणून कुंपणाबाहेरूनच पाहिले. खरे सांगतो, पहिल्या नजरेला माझी निराशा झाली. रडार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गरागरा फिरणारी मोठी थाळी होती. इथे खांब, तारा आणि भोवती गवत. आक्काचे बोलणे आठवले. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात हिकामार्का इथे १९६०च्या सुमारास बांधलेल्या वेधशाळेत १८ हजारांवर ॲन्टेना आहेत. आपल्याकडे तिरुपतीजवळ गाडंकीला १०२४ ॲन्टेनांचे रडार आहे. ते मुंबईच्या 'समीर' या संस्थेने उभारले आणि १९९३ पासून ते पूर्ण ताकदीने चालू लागले. त्यांच्यापुढे हे काहीच नाही, असे मला वाटले.

पोरीला मी तसे म्हटले. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही ऑफिसात आवक-जावक रजिस्टर लिहिता. ते दिसायला कसं असतं?"

"कसं असणार? जुनाट."

"आणि एक दिवस लिहिलं नाही तर?"

मी गप्प झालो. वीस वर्षे मी ते काम करतो आहे. एका दिवसाच्या नोंदीला किंमत नसते. पण वीस वर्षांची रजिस्टरे शेजारी ठेवली की कुठल्या खेड्यातून कशासाठी अर्ज येतात, कोणाचे काम वर्षानुवर्षे अडते, हे आंधळ्यालाही दिसते. हे रडार तेच करते. साठ ते अठ्ठ्याण्णव किलोमीटरपर्यंतचा वारा, दिवसा आणि रात्री, उन्हात आणि पावसात. त्याच उंचीवर आकाशातून एक अगदी मंद हिरवा प्रकाश निघतो. तोही शास्त्रज्ञ मोजतात, पण त्याला निरभ्र काळोखी रात्र लागते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ते काम बंदच. रडारला ढगांची अडचण नाही.

अशा नोंदींतून काय कळले? समुद्राला भरती-ओहोटी असते तशी वरच्या हवेलाही असते. ती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने येते, आणि बारा तासांच्या व चोवीस तासांच्या तालावर तिथला वारा दिशा बदलतो. खाली उठलेल्या वादळी ढगांच्या आणि डोंगरांवरून जाणाऱ्या वाऱ्याच्या लाटा वर चढत जातात. हवा विरळ होते तशा त्या फोफावतात. आसुडाची मूठ थोडी हलली तरी टोक जोरात फटकारते, तसे. म्हणजे सह्याद्रीवर आपटणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा धक्का वारणेच्या पुलाएवढ्या उंचीवर पोहोचू शकतो. शिवाय ज्या कर्बवायूने जमीन तापते, त्याच वायूने वरची हवा थंड होते. हा फरक वर्षाला इतका थोडा असतो की दहा-वीस वर्षांची अखंड नोंद असल्याशिवाय तो सापडत नाही.

शिल्लक पुढे ओढणे

या संस्थेचे मूळच नोंदवहीत आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा निघाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेने होकायंत्राच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. तेव्हा संचालक होते नानाभाई मूस, कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी अलिबागला जागा निवडली, लोखंडाचा वापर टाळून इमारत बांधून घेतली आणि १९०४ साली तिथे काम सुरू केले. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या वहीचा आकडा नव्या वहीशी जुळावा.

कॉमर्स शिकलेल्या कोणालाही हे कळेल. जुनी खातेवही बंद करताना शिल्लक पुढे ओढावी लागते. नाही ओढली तर नवी वही कितीही कोरी-करकरीत असली तरी खोटी. मूससाहेबांनी देशाची शिल्लक पुढे ओढली. म्हणून कुलाबा-अलिबागची नोंद आज जगातल्या जुन्या नोंदींमध्ये गणली जाते.

परत येताना गाडीत पोरीला झोप लागली. मी खिडकीतून बघत होतो आणि एक जुनी गोष्ट मनातून जात नव्हती. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. सांगलीला सायन्सला जायचे होते. पण एका काकांनी वडिलांना सांगितले, "सायन्सला प्रॅक्टिकल असतं, खर्च असतो, आपल्या पोरांना ते झेपत नाही. कॉमर्सला घाला, कुठंतरी चिकटेल." मी चिकटलो. काकांचे वाईट चिंतत नाही, त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. पण महिनाभर मी माझ्या मुलीला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकवत होतो, हे मला कामेरीजवळ उमगले. आमच्या घराच्या वहीत शिल्लक पुढे ओढायची वेळ आली होती आणि मी जुनाच तोटा नव्या पानावर लिहायला निघालो होतो.

घरी आल्यावर आक्काने विचारले, "बघितल्या का तारा?" मी म्हटले, "बघितल्या. आपल्या गल्लीतल्या तारांनी दिवा लागतो. त्या तारांनी आकाश ऐकू येतं." आक्काला ते पटले की नाही, माहीत नाही. म्हणाली, "पोरगी राहणार कुठं, ते आधी बघ."

प्रश्न बरोबर होता. म्हणून पालकांना थोडे कामाचे सांगतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेत राहण्या-जेवणासाठी मदत मिळू शकते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा. मुदत संपल्यावर आमच्यासारख्या क्लार्कच्याही हातात काही राहत नाही. आणि मुलांना एकदा विद्यापीठाचे आवार दाखवून आणा. साताऱ्याहून गेले तरी एका दिवसात जाऊन येता येते, सांगलीहून तर तासा-दीड तासाचा रस्ता. जे आवार पाहिलेले असते, तिथे अर्ज करायला भीती वाटत नाही.

जूनमध्ये एम.एस्सी.चा अर्ज भरला. सोबत वसतिगृहाचाही भरला. पालकाच्या सहीच्या जागी मी सही केली आणि पावती फाईलला लावली.